रंगावर जाऊ नका: कोकण किनाऱ्यावर गळाला लागणारे मासे कसे ओळखावेत

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हौसेने गरवणाऱ्या माणसाला मासा लागला, की पुढचा प्रश्न तो कोणता हा असतो, आणि बहुतेक जण त्याचे उत्तर रंगावरून देतात. इथेच गफलत होते. माशाच्या कातडीतील रंगपेशींवर मज्जातंतूंचा आणि संप्रेरकांचा ताबा असतो. त्यामुळे मासा घाबरला, दमला किंवा पाण्याबाहेर आला, की त्याचा रंग काही मिनिटांतच बदलू लागतो आणि मेल्यावर तो आणखी उतरतो. पाण्यातून नुकत्याच काढलेल्या सुरमईच्या अंगावर ठसठशीत दिसणारे पट्टे बर्फात घातल्यावर फिके पडतात. आतवर खाडीत राहिलेला जिताडा काळपट दिसतो, तर उघड्या समुद्रातून खाडीच्या तोंडाशी आलेला जिताडा लख्ख चंदेरी असतो. मासा एकच असतो, पण फोटो शेजारी शेजारी ठेवले तर कोणालाही ते दोन वेगळे मासे वाटावेत.

म्हणून ओळख पटवायची ती न बदलणाऱ्या गोष्टींवरून. त्यांतील चार सर्वांत उपयोगी पडतात. पहिली म्हणजे पाठीवरचा पर: तो एक आहे की दोन, त्याचा पुढचा भाग काटेरी आहे का आणि त्यात किती काटे आहेत. दुसरी शेपटीचा आकार: दुभंगलेली, सरळ कापल्यासारखी किंवा गोल. तिसरी तोंडाची लांबी, म्हणजे मिटलेल्या वरच्या जबड्याचे मागचे टोक डोळ्याच्या कोणत्या भागाखाली येते. चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित खूण म्हणजे पार्श्वरेषा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत माशाच्या कुशीवरून जाणारी ही बारीक रेघ पाण्यातील कंपने टिपणाऱ्या ज्ञानेंद्रियांची असते आणि तिची वळणे त्या त्या जातीत ठरलेली असतात. रंग उतरला, ठिपके गेले, तरी ही रेघ जागची हलत नाही.

या रेघेचा खरा उपयोग सुरमईच्या बाबतीत कळतो. गोव्यात इसवण म्हणून ओळखला जाणारा हा मासा आपल्याकडे प्रामुख्याने तीन जातींचा असतो आणि बाजारात तिन्ही सर्रास सुरमई म्हणूनच विकल्या जातात. सर्वांत मोठी होणारी जात म्हणजे अरुंद पट्ट्यांची सुरमई. तिच्या कुशीवर किंचित नागमोडी, उभे आणि अरुंद पट्टे असतात. पूर्ण वाढलेल्या माशात ते चाळीस-पन्नास भरतात. दुसरी जात ठिपक्यांची, जिच्या कुशीवर लहान गोल ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात. तिसऱ्या जातीत ठिपक्यांऐवजी आडव्या, तुटक रेघा दिसतात. इथवर सोपे आहे. अडचण येते ती लहान माशांत, कारण पट्ट्यांच्या सुरमईच्या पिल्लांत पट्ट्यांची संख्या बहुधा विसाच्या आतच असते, आणि पोटाकडे हे पट्टे तुटून त्यांचे ठिपके होऊ शकतात. हात-दीड हात लांबीची अशी सुरमई पाहून अनुभवी माणूसही तिला ठिपक्यांची म्हणून मोकळा होतो.

अशा वेळी मासा आडवा ठेवावा, कुस पाण्याने स्वच्छ करावी आणि टॉर्चचा उजेड तिरपा पाडून कल्ल्यापासून मागे बोट नेत पार्श्वरेषा पाहावी. पट्ट्यांच्या सुरमईत ही रेघ पाठीजवळून जवळजवळ सरळ मागे जाते आणि पाठीवरचा दुसरा पर जिथे संपतो, त्याच्या खाली एकदम खाली उतरते. हा उतार इतका स्पष्ट असतो, की एकदा पाहिला की पुन्हा विसरत नाही. ठिपक्यांच्या सुरमईत ही रेघ हळूहळू खाली वळत जाते, आणि पुढच्या भागात तिला दोन्ही बाजूंना बारीक बारीक फाटे फुटलेले दिसतात. तिसऱ्या जातीत उतार हळूहळूच असतो, पण फाटे नसतात. म्हणजे ठिपके मोजण्याची गरजच उरत नाही.

हा फरक केवळ नावापुरता नाही. पट्ट्यांची सुरमई दोन मीटरच्याही पुढे वाढू शकते आणि साधारण ६५ ते ८० सेंटीमीटरच्या दरम्यान प्रजननक्षम होते. ठिपक्यांची सुरमई पाऊण मीटरच्या आसपास थांबते आणि चाळीस-पन्नास सेंटीमीटर लांबीलाच अंडी घालण्याजोगी होते. म्हणजे ४५ सेंटीमीटरची एक सुरमई पूर्ण वाढीला आलेली असू शकते आणि तितक्याच लांबीची दुसरी निव्वळ पिल्लू असते. कोणती सोडायची हे ठरवायला जात कळलीच पाहिजे.

सुरमईशी गल्लत होणारा आणखी एक मासा म्हणजे वाहू. तो खोल, निळ्या पाण्यातला असल्यामुळे किनाऱ्यावरून क्वचितच लागतो, पण लांब समुद्रात जाणाऱ्या होड्यांना मिळतो. त्याच्याही कुशीवर उभे पट्टे असतात. त्याचे मुस्कट मात्र उरलेल्या डोक्याइतके लांब असते आणि पाठीवरच्या पहिल्या परात २३ ते २७ काटे असतात; सुरमईत ते १५ ते १८ असतात. काटे मोजायला अर्धा मिनिट लागतो.

आता ट्रेव्हली. खडपावरून किंवा बेटांच्या आसपास, सिंधुदुर्गातल्या निवती रॉकसारख्या जागी, मोठ्या पॉपरवर, म्हणजे पाण्यावर खळबळ करणाऱ्या कृत्रिम आमिषावर, तुटून पडणारा ‘जीटी’ हा हौशी मंडळींचा सर्वांत लाडका मासा. जायंट ट्रेव्हली हे त्याचे पूर्ण नाव, आणि त्याने इतका मान मिळवला आहे, की जवळजवळ प्रत्येक रुंद, चंदेरी, दुभंगलेल्या शेपटीचा मासा फोटोखाली जीटी म्हणून नोंदवला जातो. त्यांतील बरेचसे मासे वेगळ्या जातीचे असतात. जीटी जास्तीत जास्त दीड मीटरच्या थोडा पुढे आणि ८० किलोपर्यंत वाढल्याची नोंद आहे. २००६ साली जपानमध्ये गळाने पकडलेला ७२ किलोंहून जड मासा आंतरराष्ट्रीय विक्रम ठरला. आपल्या किनाऱ्यावर लागणारे मासे सहसा याच्या आसपासही नसतात, आणि लहान आकारातच ट्रेव्हलीच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात.

सर्व ट्रेव्हलींच्या पार्श्वरेषेच्या मागच्या, सरळ भागावर कडक, टोकदार खवल्यांची रांग असते. शेपटीजवळ हात फिरवला की ती बोटाला टोचते. ती दिसली म्हणजे मासा या घराण्यातला एवढे ठरले. पुढचे उत्तर छातीवर मिळते. मासा उलटा धरून गळ्यापासून पोटाकडच्या परांपर्यंतचा भाग पाहावा. जायंट ट्रेव्हलीची छाती खालच्या बाजूला जवळजवळ बिनखवल्यांची, गुळगुळीत असते, आणि पोटाच्या परांच्या अगदी पुढे खवल्यांचा एक छोटासा ठिगळासारखा भाग असतो. मोठ्या डोळ्यांची ट्रेव्हली आणि निळ्या परांची ट्रेव्हली यांची छाती पूर्णपणे खवल्यांनी झाकलेली असते. या दोहोंत फरक करणे सोपे आहे: मोठ्या डोळ्यांच्या ट्रेव्हलीत कल्ल्याच्या झाकणाच्या वरच्या कडेला एक लहान काळा ठिपका असतो आणि पाठीवरच्या दुसऱ्या पराचे टोक पांढरे असते, निळ्या परांच्या जातीचे पर विजेच्या निळ्या रंगाचे आणि अंगावर बारीक निळेकाळे ठिपके असतात. आणखी एक जात आहे, जिची छाती जीटीसारखीच उघडी असते, पण पर पिवळसर आणि शेपटीच्या वरच्या पात्याचे टोक काळे असते. ती जीटी म्हणून खपून जाते.

जीटीच्या मोठ्या नरांचा रंग कधी कधी इतका काळा असतो, की पाहणारा त्याला वेगळीच जात समजतो. अशा वेळी छाती पाहावी. ती खोटे बोलत नाही.

याच घराण्यातली क्वीनफिश मात्र या कसोटीत बसत नाही, कारण तिच्या पार्श्वरेषेवर ते कडक खवले नसतातच. लांब, चपटे अंग, चामड्यासारखी गुळगुळीत कातडी आणि कुशीवर मोठ्या ठिपक्यांची ओळ अशी ती दिसते. तिच्या जातींपैकी सर्वांत मोठी होणारी जात ठिपक्यांपेक्षा तोंडावरून पक्की ओळखता येते: तिचा वरचा जबडा डोळ्याच्या मागच्या कडेच्याही बराच मागे जातो. लहान जातींत तो डोळ्याच्या आसपास थांबतो आणि त्यांपैकी एका जातीच्या कुशीवर ठिपक्यांच्या दोन ओळी असतात. क्वीनफिशच्या पाठीवरचे आणि पोटाखालचे आखूड काटे विषारी असतात. टोचले तर जीवाला धोका नसतो, पण हात बराच वेळ ठणकत राहतो, म्हणून गळ काढताना तिला मधोमध मुठीत धरू नये.

समुद्रातून खाडीत वळले, की सगळे लक्ष जिताडा आणि तांब या दोन माशांवर जाते. रायगडमध्ये जिताड्याचे काय महत्त्व आहे हे पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या माणसाला सांगायला नको. तिथे तो घराजवळच्या तळ्यांत वाढवतात. याच माशाला काही ठिकाणी खजुरा आणि गोव्यात चोणक म्हणतात. तांब किंवा तांबोशी ही खाडीतल्या तिवरांच्या मुळांत आणि जेट्टीच्या खांबांभोवती दबा धरून बसते. दोन्ही मासे एकाच जागी, एकाच आमिषाला आणि एकाच वेळी लागतात. ओहोटीला वळणारे पाणी दोघांनाही आवडते. लहान आकारात, तेही संध्याकाळच्या उजेडात, त्यांची अदलाबदल होते.

जिताड्याच्या डोक्याची वरची रेषा डोळ्याच्या वर आत दबलेली असते, त्यामुळे मुस्कट किंचित वर उचलल्यासारखे दिसते. तोंड मोठे, जबडा डोळ्याच्या मागे जाणारा, आणि शेपटी गोल. पाठीवरच्या पराचा काटेरी भाग आणि मऊ भाग यांच्यामध्ये इतकी खोल खाच असते, की दोन वेगळे पर आहेत असेच वाटावे. तांबेचे मुस्कट टोकदार असते, शेपटी सरळ कापल्यासारखी किंवा अगदी किंचित आत वळलेली, आणि पाठीवरचा पर सलग असतो. तरीही शंका उरलीच तर जबडा पाहावा. जिताड्याच्या जबड्यावर बारीक दातांची गादी असते आणि ती बोटाला पॉलिश पेपरसारखी लागते, तर तांबेच्या वरच्या जबड्यात पुढे सुळे असतात. बोट घालून तपासण्याचा मोह मात्र टाळावा, कारण हे सुळे बोटात खोल रुततात. जिताड्याच्या दातांची भीती नसली, तरी त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, आणि पकडणाऱ्याच्या तळहाताला पडलेले काप बहुधा तिथले असतात.

तांबेची पिल्ले आणखी फसवतात. त्यांच्या कुशीवर सात-आठ फिकट उभे पट्टे आणि डोळ्याखाली निळसर रेघा असतात. वाढत्या वयात हे दोन्ही नाहीसे होते. मासा मोठा झाला की खाडी सोडून बाहेरच्या खडकाळ भागात जातो, आणि तिथे त्याचा रंग तपकिरीकडून लालीकडे झुकतो. तांबेच्या नात्यातल्या एका जातीच्या पाठीवर, पराच्या मऊ भागाच्या खाली, मोठा काळा डाग असतो आणि प्रत्येक खवल्यावर एक लहान ठिपका असल्यामुळे कुशीवर ओळी उमटल्यासारख्या दिसतात. खाडीत तीही नेहमी लागते. तिला तांब म्हणण्याची पद्धत आहे आणि स्वयंपाकघरापुरते त्यात काही बिघडत नाही.

जिताड्याची जात ओळखणे सोपे, पण त्याचे लिंग वयानुसार बदलते. तो आयुष्याच्या पहिल्या टप्प्यात नर असतो आणि पुढे मादी होतो. म्हणजे खाडीत लागणारे मोठे जिताडे बहुतेक माद्या असतात, आणि प्रजननासाठी त्यांना खाडीच्या मुखापाशी, खाऱ्या पाण्यात यावे लागते. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी लागलेला थोराड जिताडा कोण असतो, हे यावरून समजावे. सोडायचा की ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे; माझे मत सोडावा असे आहे.

रावस ओळखायला फार श्रम नाहीत. छातीजवळच्या परांखाली सुटे, दोऱ्यांसारखे तंतू असतात, ते मोजावेत. रावसाला ते चार असतात. पाच असतील तर तो दाढा. सहा तंतू आणि कल्ल्यामागे काळा डाग असेल, तर त्यांचा लहान भाऊबंद. हॉटेलांच्या मेनूवर रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण सॅमनशी त्याचे काही नाते नाही. घोळीची पार्श्वरेषा शेपटीच्या टोकापर्यंत, परातूनही पुढे गेलेली असते. ही तिच्या साऱ्या घराण्याची खूण आहे. लहान घोळीच्या पाठीवर आणि परांवर काळे ठिपके दिसतात. तिच्या वाताशयाला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला किंवा बोताला, मोठी किंमत असल्यामुळे ती सापडल्याच्या बातम्या होतात, आणि २०२३ मध्ये गुजरातने तिला राज्यमासा म्हणून जाहीर केले. महाराष्ट्राने त्याच वर्षी हा मान पापलेटला दिला, पण ते गळाला लागत नाही, म्हणून इथे त्याची चर्चा नको.

कोबिया, म्हणजे गोव्यातला मोडसो, पाण्यात पाहिला तर शार्क वाटतो आणि होडीत घेतल्यावर मोठा चिकटमासा वाटतो. डोके रुंद व चपटे, अंग गडद तपकिरी, कुशीवर दोन फिकट आडवे पट्टे. चिकटमाशाच्या डोक्यावर जिथे चोषक चकती असते, तिच्या जागी कोबियाला डोक्यामागे पाठीवर सात ते नऊ आखूड, सुटे काटे असतात. ते एकमेकांना पडद्याने जोडलेले नसतात आणि एरवी खाचेत मिटलेले असल्यामुळे दिसत नाहीत. बोटाने मागून पुढे उचलले की उभे राहतात. साऱ्या जगात या घराण्याची ही एकच जात आहे. बाराकुडात दोन पाठपर एकमेकांपासून खूप दूर असतात. ‘ग्रेट बाराकुडा’ या जातीच्या पोटाकडच्या भागावर वेडेवाकडे काळे डाग आणि शेपटीच्या पात्यांची टोके फिकट असतात. शेपटी पिवळसर आणि कुशीवर वळणदार पट्टे असतील, तर ती दुसरी जात.

शेवटचा गट गोबऱ्यांचा, ज्यांना मुंबईकडे हेकरूही म्हणतात. इथे मात्र ओळख चुकली तर प्रकरण कायद्यापर्यंत जाते. तपकिरी अंगावर नारिंगी-तपकिरी ठिपके असलेला आणि बारीक काळे ठिपके व पांढुरके चट्टे असलेला अशा दोन जाती खडकांत नेहमी लागतात. यांच्यातच कधी तरी महाकाय गोबरा, म्हणजे जायंट ग्रूपर सापडतो. तो अडीच मीटरच्या पुढे आणि काही शे किलोंपर्यंत वाढतो, आणि २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. पूर्ण वाढलेला असेल तर आकारावरूनच शंका येईल. अडचण मधल्या वयाच्या माशाची आहे. त्याच्या पिल्लाच्या अंगावर काळ्या आणि पिवळ्या रंगाचे मोठे, अनियमित पट्टे असतात, ते वयाबरोबर मिटून चट्टेदार तपकिरी होतात. डोके मोठे असूनही डोळे अगदी लहान, शेपटी गोल, आणि पाठपराचे पुढचे काटे मागच्या मऊ भागापेक्षा बरेच बुटके असतात. या तीन खुणा एकत्र दिसल्या, तर मासा पाण्यातच ठेवून गळ कापावा. खोलातून वर काढलेल्या गोबऱ्याचे वाताशय फुगते आणि मग त्याला सोडूनही उपयोग होत नाही.

हाच कायदा करवतमासा आणि गिटारफिशच्या काही जातींनाही लागू आहे. गिटारफिश लांबून शार्कसारखी दिसते, तिला पाठीवर तसेच त्रिकोणी पर असतात आणि ती वाळूच्या किनाऱ्यावर गळाला लागते. शार्कच्या कल्ल्यांच्या चिरा डोक्याच्या बाजूला असतात, गिटारफिशच्या पोटाकडच्या बाजूला. संरक्षित आणि असंरक्षित जातींतला फरक किनाऱ्यावर उभे राहून ठरवण्यात अर्थ नाही. या घराण्यातला प्रत्येक मासा सोडून द्यावा.

एखाद्या जाणकाराला विचारण्यासाठी फोटो काढायचा असेल, तर हात लांब करून कॅमेऱ्यासमोर धरलेल्या माशाचा काढू नये. त्यात मासा मोठा दिसतो आणि इतर काहीच दिसत नाही. मासा ओल्या पृष्ठभागावर डाव्या कुशीवर नव्हे, उजव्या कुशीवर ठेवावा, म्हणजे डोके डावीकडे येते आणि पुस्तकांतील चित्रांशी जुळवणे सोपे जाते. पाठीवरचा पर बोटाने उभा करून, शेपटी उघडून, बाजूला मोजपट्टी ठेवून एक फोटो आणि ट्रेव्हली असल्यास छातीचा एक वेगळा, एवढे पुरते. लांबी कशी मोजली तेही लिहावे: शेपटी दुभंगलेली असेल तर मुस्कटापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, गोल असेल तर टोकापर्यंत. केरळपाठोपाठ महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये अनेक जातींसाठी किमान आकार ठरवले आहेत. ते जातीनिहाय आहेत, आणि सुरमईची लांबी खाचेपर्यंत न मोजता टोकापर्यंत मोजली, तर किमान आकाराहून लहान असलेले पिल्लूही कागदावर मोठे होऊन बसते.